दरेकसा ते परळ : स्तनाचा कर्करोग, उपचारांचा दर्जा आणि आयुष्याची वर्षे

धागा.

हावड्याहून मुंबईकडे निघालेली गाडी डोंगरगड सोडते, बोरतलाव मागे टाकते आणि डोंगरातील बोगदा ओलांडून दरेकसा स्थानकात येते. महाराष्ट्राच्या हद्दीतले हे पहिले स्थानक. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हा परिसर जंगलाचा आहे. जवळच कचारगडची गुहा आहे आणि माघ पौर्णिमेला तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. १८८० च्या दशकात येथून रूळ गेले. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग कलकत्त्याशी जोडला आणि देशाच्या दोन टोकांना सांधणाऱ्या मुख्य लोहमार्गावर दरेकसा हे एक लहानसे नाव होऊन बसले.

याच रुळांवरून पश्चिमेस निघाले की सालेकसा, धानोली, आमगाव, गुदमा, गोंदिया, मग नागपूर आणि सुमारे १,००० किलोमीटरनंतर मुंबई. तेथे परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. पाठोपाठ १९३२ मध्ये सर दोराबजी गेले. जे उपचार पत्नीसाठी परदेशात शोधावे लागले ते या देशात उपलब्ध व्हावेत, या इच्छेतून त्यांच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभारले.

रूळ एकच, एका टोकाला देशातील अग्रगण्य कर्करोग रुग्णालय आणि दुसऱ्या टोकाला दरेकसा. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या वाट्याला किती वर्षे येतात, हे या दोन टोकांमधील कोणत्या गोष्टींवर ठरते? या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो औषधांच्या शोधांच्या इतिहासाहून बराच वेगळा आहे.

प्रारंभ शस्त्रापासून करावा लागतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकसंध काढून टाकायचे, अशी त्यांची पद्धत होती. कर्करोग गाठीपासून क्रमाक्रमाने, पाण्यात तेलाचा तवंग पसरावा तसा बाहेर सरकतो. म्हणून जितके अधिक कापाल तितके आयुष्य अधिक, हे त्यामागचे तर्कशास्त्र. शस्त्रक्रियेच्या जागी रोग परतण्याचे प्रमाण खरोखरच खूप घटले. पुढील सात-आठ दशके जगभर हीच शस्त्रक्रिया आदर्श मानली गेली. स्त्रियांचे खांदे खाली ओघळत, हात सुजून जड होत, छातीच्या फासळ्या कातडीखाली मोजता येत. आणि तरीही अनेक जणी काही वर्षांनी यकृतात, हाडांत, फुप्फुसांत पसरलेल्या रोगाने दगावत. त्या काळी ‘उत्तम उपचार’ याचा अर्थ ‘अधिक कापणे’ एवढाच होता, आणि तो चुकीचा होता.

चूक सिद्ध होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत मोठी आणि तुलनेने लहान शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मिलानमध्ये उम्बर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवरील चाचणीत स्तन राखून केवळ गाठीचा भाग काढला आणि किरणोपचार दिले. १९८१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष हॉल्स्टेड पद्धतीच्या तोडीस तोड होते. दोन्ही चाचण्यांतील स्त्रियांचा पाठपुरावा वीस वर्षांहून अधिक काळ झाला आणि निष्कर्ष टिकला. येथे एक बारकावा मात्र निसटू नये. स्तन राखण्याची शस्त्रक्रिया सुरक्षित ठरते ती किरणोपचारांच्या जोडीने. जेथे किरणोपचाराचे यंत्र नाही, तेथे ही सुधारणा अर्धीच पोहोचते.

शस्त्रापलीकडचा मार्ग त्याआधीच दिसू लागला होता. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली लॅन्सेटमध्ये लिहिले की, अंडाशय काढल्यावर स्तनाच्या काही वाढलेल्या गाठी आक्रसतात. संप्रेरके म्हणजे काय, हे नीटसे ठाऊक नसतानाची ही नोंद आहे. तिचेच दूरचे फळ म्हणजे टॅमॉक्सिफेन. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या रेणूचा आरंभीचा हेतू गर्भनिरोधनाशी संबंधित होता. तो कर्करोगाकडे वळला आणि संप्रेरकग्राही गाठ असलेल्या स्त्रियांनी ही गोळी पाच वर्षे घेतल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, हे जगभरातील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून स्पष्ट झाले.

आता या धाग्याचा गाभा. मिलानमधीलच जियानी बोनाडोना यांनी १९७३ मध्ये, काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या ३८६ स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. निम्म्याहून काही अधिक जणींना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांचे रसायनोपचार, म्हणजे ज्याला घरोघरी ‘केमो’ म्हणतात ते, देण्यात आले. १९७६ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षांनी जगभर खळबळ उडाली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका लेख त्यानंतर, १९८१ साली आला. बोनाडोना आणि पिनुच्चा वालागुस्सा यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : ठरलेल्या औषधापैकी प्रत्यक्षात किती औषध रुग्णाच्या शरीरात गेले?

उत्तर अस्वस्थ करणारे होते. ज्यांना ठरलेल्या मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध मिळाले, त्यांपैकी ७७ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतरही रोगमुक्त होत्या. ज्यांना ६५ टक्क्यांहून कमी मिळाले, त्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ज्यांना केमो मुळीच दिली नव्हती, त्यांत ४५ टक्के. म्हणजे अर्धवट केमो घेतलेल्या स्त्रीने केस गमावले, उलट्या सोसल्या, पैसा आणि महिने खर्च केले आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही.

या विश्लेषणावर आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तही होते. ज्यांना कमी औषध मिळाले त्या मुळातच अधिक अशक्त किंवा वयस्क असू शकतात; मग दोष मात्रेचा की प्रकृतीचा? म्हणून अमेरिकेत मात्रेवरच चाचणी झाली. सुमारे १,५५० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने कमी, मध्यम आणि अधिक मात्रेच्या गटांत विभागले गेले. १९९४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत कमी मात्रेचा गट मागे पडला. बोनाडोनांचे मूळ म्हणणे अशा रीतीने तावून सुलाखून निघाले.

‘औषध उपलब्ध आहे’ हे विधान त्यानंतर पुरेसे उरले नाही. कोणते औषध, एवढ्याने भागत नाही. किती, किती दिवसांच्या अंतराने आणि शेवटपर्यंत की मध्येच थांबलेले, यावर आयुष्याची वर्षे अवलंबून असतात.

बीटसन यांच्याच ग्लासगोने या प्रश्नाचे दुसरे अंग उजेडात आणले. पश्चिम स्कॉटलंडमधील ३,७८६ रुग्णांच्या नोंदी तपासून गिलिस आणि होल यांनी १९९६ साली दाखवले की, स्तनकर्करोगात विशेष रस आणि अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकांच्या रुग्णांमध्ये पाच वर्षे जगण्याचे प्रमाण इतरांच्या रुग्णांपेक्षा ९ टक्क्यांनी अधिक होते. देश तोच, सरकारी आरोग्यसेवा तीच, रोग तोच. १९९५ मध्ये ग्रेटर ग्लासगोने नियमच केला : शल्यचिकित्सक, विकृतितज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा निर्णय घ्यावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १३,७२२ स्त्रियांच्या अभ्यासात त्याचे फलित दिसले. ही पद्धत येण्यापूर्वी तेथील मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा ११ टक्क्यांनी जास्त होते; नंतर ते १८ टक्क्यांनी कमी झाले. या काळात कोणतेही जादूचे औषध केवळ ग्लासगोतच आले होते असे नाही. बदलली होती ती कामाची पद्धत.

भारतात असे काही म्हणण्यासाठी आधी मोजणी हवी होती आणि मोजणीचा आरंभ मुंबईतच झाला. टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी नवल टाटांसह १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली आणि १९६३ मध्ये या संस्थेने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. रुग्णालयात येणाऱ्यांचीच नव्हे, तर एका ठराविक लोकसंख्येतील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याचा देशातील हा पहिला उपक्रम. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याचे ग्रामीण भावंड जन्मले. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे त्याच्या कक्षेत होती. खेड्यात मृत्यूचे कारण कागदावर क्वचितच उमटते. म्हणून येथील कर्मचारी गावोगाव फिरले, माणसांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि रुग्णांना तपासणीसाठी आणले. नोंदणीसाठी गेलेली माणसे अशा प्रकारे उपचारांच्या साखळीचा पहिला दुवा होऊन बसली. आकडेवारीच्या इतिहासात हे विरळाच.

आता आकडे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या भारतीय स्त्रियांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ६६ टक्के, तर अमेरिकेत ९० टक्के होते. (इतर कारणांनी होणारे मृत्यू वजा करून काढलेले हे प्रमाण असते.) देशातील ११ नोंदणी केंद्रांच्या २०१२ ते २०१५ मधील रुग्णांच्या अभ्यासातही सरासरी ६६.४ टक्के आली. पण तिच्या पोटात मिझोरामचे ७४.९ टक्के आणि अरुणाचलातील पासीघाटचे ४१.९ टक्के दडलेले होते. रोग स्तनापुरता मर्यादित असताना सापडला तर ८१ टक्के, शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला तर १८.३ टक्के.

यावर ‘आपल्याकडील रोगच अधिक जहाल’ असे उत्तर नेहमी दिले जाते. त्यात तथ्यांश आहे; भारतीय रुग्ण सरासरीने तरुण असतात आणि संप्रेरक-औषधांना दाद न देणाऱ्या गाठींचे प्रमाणही येथे अधिक आढळते. परंतु ते संपूर्ण उत्तर नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे स्वस्त औषध टोचायचे, एवढाच तो प्रयोग. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षे जगण्याचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के आणि न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के होते.

चर्चा झाली ती या दोन आकड्यांतील फरकाची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या आकड्यापाशीही थांबावे. इंजेक्शन न मिळालेल्या भारतीय स्त्रियांमध्येही ८६.४ टक्के! या स्त्रियांचा रोग लवकरच्या टप्प्यातील, शस्त्रक्रियायोग्य होता. त्यामुळे देशाच्या सरासरीशी थेट तुलना करणे अन्यायाचे ठरेल. तरीही निदान वेळेवर, शस्त्रक्रिया अनुभवी हातांनी, त्यानंतरचे उपचार पूर्ण आणि पाठपुरावा काटेकोर, एवढे जुळले तर भारतीय स्त्रीचे शरीर उपचारांना काय प्रतिसाद देते, हे त्यातून दिसते.

दर्जाचा अर्थ दरवेळी ‘अधिक उपचार’ असा होत नाही, हेही परळमध्येच सिद्ध झाले. रोग दूरवर पसरलेल्या स्त्रियांचा स्तन काढल्याने आयुष्य वाढते का? ३५० स्त्रियांवरील चाचणीने २०१५ मध्ये उत्तर दिले : नाही. हॉल्स्टेडच्या काळातील समजुतीचा हा एक उशिराचा पराभव.

साखळीत काही दुवे असे असतात की रुग्णाला त्यांचा पत्ताही नसतो. गाठ काढल्यावर तिचे काय होते? टॅमॉक्सिफेनचा उपयोग होईल की नाही, हे त्या गाठीच्या तपासणीवर ठरते. त्यासाठी ती कापून पुरेशा फॉर्मलिनमध्ये तासाभरात पडली पाहिजे आणि किमान ६ व फार तर ७२ तास तेथे राहिली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक २०१० साली घालून देण्यात आला. गाठ ट्रेमध्ये तशीच पडून राहिली, लहान बाटलीत कोंबली गेली किंवा नातेवाइकाच्या हाती पिशवीतून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचली, तर त्यातील ग्राहके नष्ट होतात आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. गोळी कधी लिहूनच दिली जात नाही. २००० साली टाटा रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या ७९८ गाठींच्या अभ्यासात इस्ट्रोजेनग्राही गाठींचे प्रमाण केवळ ३२.६ टक्के होते. नंतरच्या काळात तंत्र सुधारत गेले तसे संप्रेरकग्राही गाठींचे नोंदलेले प्रमाणही वर सरकले. जुन्या अहवालांतील काही ‘निगेटिव्ह’ रोगाच्या स्वभावामुळे होते आणि काही बाटलीतील द्रवामुळे. आज मागे वळून ते वेगळे करणे अशक्य आहे.

निदान लवकर व्हावे म्हणून मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने मोठे काम झाले. १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, यंत्राविना, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडल्याचे दिसले. एकूण मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही; पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के होती. खेड्यापाड्यांत मॅमोग्राफी यंत्रांची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

आणि आता पुन्हा दरेकसाकडे, कारण इथवरचे सारे सिद्धान्त येथे दिनदर्शिकेवर उतरतात.

गाठ हाताला लागली. दुखत नाही, म्हणून काही महिने कोणाला सांगितले नाही. मग तालुक्याचे सालेकसा ग्रामीण रुग्णालय, पुढे गोंदिया. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि २०१६ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाचे पूर्ण उपचार हवे असतील तर परंपरेने वाट नागपूरची : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि अलीकडच्या काळातील जामठ्याची संस्था. अंतर सुमारे १७० किलोमीटर. त्याहून पुढे परळ, जेथे खोली न मिळालेल्या कुटुंबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. नागपूरच्या रुग्णालयाला तुकडोजींचे आणि मुंबईच्या धर्मशाळेला गाडगेबाबांचे नाव. दोघेही मूळचे अमरावती जिल्ह्याचे. विदर्भातल्या रुग्णाला दोन्ही टोकांना आपल्याच मातीतले संत भेटतात.

केमोची प्रचलित पद्धत आठ फेऱ्यांची, दर २१ दिवसांनी एक. जवळपास सहा महिने. प्रत्येक फेरीआधी रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी कमी असतील तर ‘पुढच्या आठवड्यात या’. सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. आठपैकी शेवटच्या तीन फेऱ्या धानाच्या रोवणीच्या दिवसांत आल्या आणि चुकल्या, तर मिळालेली मात्रा ६२.५ टक्के भरते. मिलानच्या तक्त्यात ती ६५ च्या खालच्या ओळीत बसते. औषध उत्तम प्रतीचे होते, डॉक्टर कुशल होते, सरकारी योजनेतून ते फुकटही मिळाले होते. तरीही.

खर्चाचा अडसर काही अंशी सरला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस गोंदियासह उर्वरित राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्यात शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. रेल्वेने जाणारा काळ, बुडालेला रोजगार आणि घरी राहिलेली मुले मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाहीत.

म्हणूनच गेल्या दोन दशकांतील काही सर्वांत मोलाचे बदल उपचार लहान आणि जवळ आणणारे आहेत. किरणोपचार पूर्वी पाच आठवडे, २५ वेळा चालत. २,२१५ स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीने २००८ साली दाखवले की तीन आठवड्यांत १५ वेळा दिलेले किरण तितकेच परिणामकारक ठरतात. २०२० मध्ये ४,०९६ स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीने ते एका आठवड्यात पाच वेळांवर आणले. लंडनच्या रुग्णाला ही सोय आहे. नागपुरात कोणाच्या तरी पडवीत मुक्काम ठोकणाऱ्या रुग्णासाठी उपचार पूर्ण होणे आणि न होणे यांतला तो फरक असू शकतो. केमोच्या बाबतीत, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. पहिली फेरी नागपुरात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि उरलेल्या सात गोंदियात, अशी विभागणी साधली तर दरेकसाची स्त्री सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतू शकते.

त्यासाठी गोंदियाच्या त्या केंद्रात औषध मोजून मिसळणारी प्रशिक्षित परिचारिका रोज हजर हवी, रक्ताचा अहवाल त्याच दिवशी मिळायला हवा आणि चुकलेल्या फेरीची नोंद पाहून सालेकसा तालुक्यातील आशा सेविकेला फोन करणारे कोणीतरी हवे.